आपला वकील आपल्या पैशाचा

माई, नमस्कार.

आम्ही दत्तनगरात भाड्याने राहतो. 2019 ला आणि परत 2021 ला घरात पाणी आलं. दुसऱ्या वेळी मुलीची पुस्तकं आणि माझं शिलाई मशीनही गेलं. तेव्हाच ठरवलं, स्वतःचं घर घ्यायचं ते उंचावर. आता विश्रामबागेत एक जुना बंगला मिळतोय, 46 लाखांना. बँक 30 लाख कर्ज देते म्हणाली. बाकीचे मिस्टरांच्या पीएफचे, थोडे माझ्या दागिन्यांचे, थोडे सासऱ्यांचे.

घर ज्या गृहस्थांच्या नावावर होतं ते 2016 ला वारले. प्रॉपर्टी कार्डावर आता त्यांच्या पत्नीचं आणि दोन मुलांचं नाव आहे. एक मुलगी सोलापूरला दिलेली आहे. एजंट म्हणतात, तिने नोटरीसमोर हक्क सोडलाय, कागद आहे. वडिलांच्या वेळचं पतसंस्थेचं कर्ज होतं, तेही फिटलंय म्हणतात.

वकील कुठला करायचा यावरून घरात रोज वाद आहे. एजंट म्हणतात, त्यांचे वकील दोन्हीकडचं बघतील, खर्च निम्मा. मिस्टर म्हणतात, बँकेचा वकील सर्च, म्हणजे जुन्या नोंदींचा शोध, करतोच, वेगळा कशाला? सासऱ्यांना तासगावचे त्यांचे वकील हवेत, त्यांनी आमची बांधाची केस जिंकून दिली होती. माझा मावसदीर पुण्यात वकिली करतो, तो म्हणतो, वहिनी, मी फुकट करून देतो. अक्षय तृतीयेला 2 लाख विसार द्यायचं ठरलंय. काय करू?

— एक वाचक, सांगली

ताई,

अक्षय तृतीयेला विसार देऊ नका. बाकीचं सावकाश सांगते, पण हे आधी. एजंटला आजच फोन करा आणि सांगा, आमचे वकील कागद बघतायत, त्यांनी हो म्हटलं की चेक घेऊन येतो. ज्यांना घर खरंच विकायचंय ते तीन आठवडे थांबतात. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे असं एजंट सांगतील. सांगू देत.

पाण्याची धास्ती मला कळते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी 45 फूट. एकदा ज्याच्या घरात कृष्णामाई शिरली, तो मे महिना सरत आला की ढगांकडे बघायला लागतो. पण ताई, तुमची घाई या भीतीतून आलीय, आणि तुमच्या एजंटलाही ते दिसत असणार. यंदाच्या पावसाआधी जागा बदलायचीच असेल तर विश्रामबागेत चार महिने दोन खोल्या भाड्याने घ्या. चार महिन्यांचं भाडं जाईल, एवढंच.

मी वकील नाही. सांगलीत एका दिवाणी वकिलांच्या ऑफिसात दस्त टाइप करण्यात माझी 26 वर्षं गेली. खरेदीपत्रं, संचकारपत्रं (विसाराचे करार), हक्कसोडपत्रं, बक्षीसपत्रं, किती केली याचा हिशोब नाही. आणि तरीही स्वतःच्या घराच्या वेळी आम्ही चुकलो. 1994 साली मिरजेत घर घेतलं. विकणारे दोन भाऊ. त्यांचे वकील बोलायला गोड, म्हणाले, तुमचंही मीच बघतो, वेगळा खर्च कशाला. आमचे साहेब सांगत होते, सर्च आपण करून घेऊ. पण पैशाची ओढाताण होती, आम्ही नको म्हटलं. तीन वर्षांनी समन्स आलं. त्या भावांची एक बहीण इचलकरंजीला होती. तिचं नाव कार्डावर नव्हतं, म्हणून दस्तातही नव्हतं. वाटपाचा दावा नऊ वर्षं चालला आणि शेवटी तडजोडीत आम्ही तिला पैसे दिले. तिच्यावर माझा राग नाही. बापाच्या घरात तिचा वाटा होता आणि घर विकताना तिला कुणी विचारलंच नव्हतं. मला लागलं ते दुसरंच. त्या वकिलांना ही बहीण ठाऊक होती. तिच्या लग्नाला ते जेवून आले होते. आम्हाला सांगावं असं त्यांना वाटलं नाही, कारण त्यांची फी भावांनी दिली होती आणि त्यांच्या लेखी आम्ही त्यांचे पक्षकार कधी नव्हतोच.

म्हणून तुमच्या यादीतल्या प्रत्येकाबद्दल मी एकच विचारते. त्याला पैसे कोण देतंय, आणि उद्या तो उत्तर कुणाला देणार?

एजंटच्या वकिलांना पुढच्या महिन्यातलं कामही एजंटच देणार आहे. माणूस प्रामाणिक असेलही. पण व्यवहार मोडला तर एजंटची दलाली बुडते, आणि ‘हे घर घेऊ नका’ म्हणणाऱ्या वकिलाकडे एजंट पुन्हा गिऱ्हाईक पाठवत नाही. काम हातात घेताना दोन्ही बाजूंशी आपला काय संबंध आहे ते वकिलाने पक्षकाराला पूर्णपणे आणि मोकळेपणाने सांगावं, असं बार कौन्सिलच्या आचारनियमांतच आहे. निम्म्या खर्चाचं म्हणाल, तर कागदात खोट निघाली तेव्हा नुकसान निम्मं होत नाही, ते सगळं घेणाऱ्याचं होतं.

तुमचे मिस्टर म्हणतात त्यात अर्धी गोष्ट खरी आहे. बँकेचा पॅनेलवरचा वकील सर्च करतो, आणि बहुतेक वेळा त्याची फी आपल्याकडूनच घेतात. पण तो अहवाल बँकेसाठी असतो. बँकेचे 30 लाख सुरक्षित आहेत का, एवढाच त्याचा प्रश्न. तुमचे 16 लाख त्याच्या कामात येत नाहीत. शिवाय बँकेला घराइतकाच तुमच्या दोघांच्या पगाराचा आधार असतो. उद्या घरावर दावा लागला तरी हप्ता थांबत नाही. मिस्टरांना हे शांतपणे सांगा, त्यांना पटेल. बँकेकडे त्या अहवालाची प्रत मात्र मागा. दिली तर तुमच्या वकिलाला दुसरी नजर म्हणून उपयोगी पडेल.

मावसदिरांना नाही म्हणणं जड जाईल, तरी म्हणा. फुकट केलेल्या कामाला उशीर झाला तर विचारता येत नाही, आणि चूक झाली तर पंगतीत शेजारी बसायचं असतं. त्यात ते पुण्यात. सांगली शहर मिरज तालुक्यात येतं, दस्तांच्या नोंदी त्या तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयांत शोधाव्या लागतात. अलीकडचं संगणकावर मिळतं, पण जुनी सूचीची पुस्तकं तिथे बसूनच चाळावी लागतात. काही पानं फाटलेली असतात, काही वर्षांची पुस्तकं जागेवर नसतात. तिथे रोज जाणारा माणूस ती कुठून मिळवायची ते जाणतो. पुण्याहून एक दिवस आलेल्याला ते जमायचं नाही.

आता सासऱ्यांचे तासगावचे वकील. बांधाची केस जिंकणं सोपं नाही, ते चांगलेच असतील. पण कोर्टात उभं राहून भांडणं वेगळं आणि भांडण होऊच नये म्हणून आठ दिवस कागदांत मान घालून बसणं वेगळं. आमच्या साहेबांकडे नावाजलेले फौजदारी वकील स्वतःच्या फ्लॅटचे कागद तपासायला घेऊन यायचे. सासऱ्यांना दुखवू नका. त्यांच्या वकिलांनाच फोन करायला सांगा: साहेब, सांगलीत मिळकतीचं काम चोख करणारा कोण? वकिलांना एकमेकांची बरोबर पारख असते. आणि जे नाव मिळेल त्यांच्याकडे जाताना सासऱ्यांना बरोबर न्या.

नाव शोधायचे आणखीही रस्ते आहेत. ज्यांनी चार-पाच वर्षांपूर्वी तुमच्याच भागात जुनं घर घेतलं, नवा फ्लॅट नव्हे, त्यांना विचारा. जुन्या घरात वारस, बोजे, वाढीव बांधकाम असं सगळं येतं, तिथे वकिलाचा कस लागतो. ‘काम झालं का’ असं विचारू नका, कारण काम सगळ्यांचंच होतं. ‘वकिलांनी तुम्हाला कशाला अडवलं?’ असं विचारा. ज्यांना काहीतरी आठवतं, त्यांचा वकील कागद वाचणारा होता. वकिलांना जाहिरात करायला मनाई आहे, तेव्हा कुणाचं नाव कुठे झळकत नाही म्हणून तो कमी असं धरू नका.

दोन नावं काढा आणि दोघांकडेही सल्ल्याची फी देऊन अर्धा तास बसा. हे पैसे वाया जात नाहीत. तुम्ही कार्डाचा उतारा आणि हकिगत पुढे ठेवलीत की ते पहिल्यांदा काय मागतात ते बघा. आधार, पॅन, फोटो मागून दस्ताची तारीख ठरवायला लागले, तर नमस्कार करून उठा. ‘गृहस्थ वारले म्हणता, मृत्यूचा दाखला कुठंय? वंशावळ सांगा. मुली किती? मृत्युपत्र होतं का? त्यांना हे घर कुठून आलं, स्वतः घेतलेलं की वडिलार्जित?’ असं विचारत सुटले, तर तो माणूस तुमच्या कामाचा.

कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात नाजूक सांधा तोच आहे, सोलापूरची मुलगी. हिंदू कुटुंबात वडील मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलगी 1956 पासूनच मुलाच्या बरोबरीची वारस आहे. तुमच्या बाबतीत आई, दोन मुलगे आणि एक मुलगी असे चार वारस असतील तर तिचा चौथा हिस्सा, म्हणजे 46 लाखांतले साडेअकरा लाख. मिळकत वडिलोपार्जित असेल तर 2005 च्या दुरुस्तीने मुलीला जन्मापासूनचा हक्क दिलाय, आणि दुरुस्ती आली त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलंय. त्या वेळी हिस्से वेगळे पडतील, पण तिचा हिस्सा राहणारच. कार्डावर नाव नाही म्हणून हक्क नाही, असं होत नाही. कार्ड आणि सातबारा या नोंदी आहेत, मालकी त्यांनी तयार होत नाही.

आणि तो नोटरीचा कागद. नोटरी म्हणजे सही करणाऱ्याची ओळख पटवून मारलेला शिक्का. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवावं लागतं. नुसत्या नोटरीच्या कागदावर तिचा हिस्सा भावांकडे जात नाही. त्या कागदावर विसंबून घर घेतलंत तर आमच्यासारखंच समन्स तुमच्याही दारात येऊ शकतं. मार्ग अवघड नाही. ती बाई स्वतः येऊन खरेदीपत्रावर ‘लिहून देणार’ म्हणून सही करू दे, तिचा फोटो आणि अंगठा होऊ दे, तिच्या वाट्याची रक्कम तिच्या खात्यात जाऊ दे. भावांना तिने सगळंच द्यायचं असेल तर आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र होऊ दे. पण तुमच्या वकिलाने तिच्याशी एकदा स्वतः बोलायला हवं. भाऊ यालाच ‘कशाला तिला त्रास’ म्हणायला लागले, तर उत्तर तिथेच मिळालं.

पतसंस्थेचं कर्जही तोंडी फिटत नाही. संस्थेचा बेबाकी दाखला (काही देणं उरलं नाही असा), बोजा कमी झाल्याची नोंद आणि मुख्य म्हणजे मूळ दस्त परत आलेत का, हे बघायला हवं. मूळ खरेदीपत्र मालकांच्या हातात नसेल तर ते कुठेतरी गहाण असण्याची शंका धरूनच चालायचं.

सांगलीचा वकील हवा म्हणते त्याला आणखी एक कारण आहे. आपल्याकडे गुंठेवारी फार. बिगरशेती न करता पाडलेले प्लॉट, नोटरीवर विकलेले गुंठे, 2001 च्या कायद्याने नंतर नियमित झालेले काही आणि अजून न झालेले काही. विश्रामबागेतला बंगला आहे म्हणून सगळं साफ असेल असं धरू नये. बिगरशेती आदेश, मंजूर रेखांकन, बांधकाम परवाना आणि मागच्या बाजूच्या वाढीव खोल्या नकाशात आहेत का, हे वकिलाने विचारायला हवं. नदीकाठच्या मिळकतीत निळी आणि लाल पूररेषाही, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या नकाशावरच्या रेषा, बघाव्या लागतात. इथला वकील हे न सांगता विचारतो. घरपट्टीची पावती दाखवून कुणी मालकी सांगत असेल तर तिकडे लक्ष देऊ नका. कर भरणाऱ्याच्या नावाने पावती निघते.

पैशाचं आधीच आणि स्पष्ट बोला. सर्च आणि अभिप्राय यांची फी वेगळी, दस्त लिहिण्याची वेगळी, जाहीर नोटीस आणि सरकारी शुल्काचा खर्च वेगळा, असं कागदावर घ्या. घर घ्यायचं नाही असं ठरलं तरी सर्चची फी पूर्ण मिळेल, हे तुम्ही स्वतःहून सांगा. मी हे फार कमी लोकांना करताना बघितलंय. व्यवहार झाला तरच पैसे, असं ठरवलंत की तुमच्याच वकिलाला व्यवहार व्हावासा वाटायला लागतो. त्याला ‘नको’ म्हणायची मोकळीक तुम्हीच द्यायची असते.

फी जड वाटत असेल तर हा हिशोब बघा. निवासी घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. 46 लाखांवर ते 46 हजार होतात. मिस्टरांचं नाव बरोबर घातलं की ही सवलत मिळत नाही. मात्र मालकीत नाव नसेल तर व्याजावरची प्राप्तिकराची वजावट त्यांना घेता येणार नाही, तेव्हा दोन्ही बाजू वकिलाला आणि कर सल्लागाराला विचारूनच ठरवा. तुमच्या दागिन्यांचे पैसे या घरात जातायत, ताई. नावाचा विचार तुम्ही मोकळेपणाने करावा असं मला वाटतं.

काम दिल्यावर अभिप्राय तोंडी घेऊ नका. ‘मी बघितलंय, काही काळजी करू नका’ हे वाक्य मी फार ऐकलंय. लेटरहेडवर, सही आणि सनद क्रमांकासह लिहून घ्या: कुठल्या कार्यालयात, किती वर्षांचा सर्च केला (30 वर्षांचा करायची पद्धत आहे), कुठल्या वर्षांची पुस्तकं मिळाली नाहीत, शुल्काची पावती जोडलेली आहे का, विकणाऱ्यांच्या नावाने कोर्टात दावा चालू आहे का ते शोधलं का, आणि शेवटी मिळकत निर्वेध आणि बोजारहित आहे की नाही. ‘हक्काबाबत अमुक बाबीची पूर्तता झाल्यास’ असं लिहिलेलं असेल तर त्या ओळीवर बोट ठेवून अर्थ विचारा. आमच्या ऑफिसातून जाणाऱ्या अहवालांत सगळी मेख त्या एका ओळीत असायची आणि लोक तीच सोडून शेवटचं पान बघायचे.

लेखी का, तर वकिलाच्या सेवेतल्या त्रुटीसाठी ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये दिलाय. गैरवर्तन असेल तर राज्य बार कौन्सिलकडे तक्रार आणि नुकसानीसाठी दिवाणी दावा, एवढेच रस्ते उरतात. तिथे तोंडी शब्द सिद्ध करणं फार कठीण जातं.

कुणाची हरकत आहे का हे विचारणारी जाहीर नोटीस चांगल्या खपाच्या दैनिकाच्या सांगली आवृत्तीत द्यायला सांगा, आणि ती सोलापूरलाही दिसेल असं बघा. हरकतीची मुदत पूर्ण होऊ द्या. मग विसार, तोही साध्या पावतीवर न देता नोंदवलेल्या संचकारपत्राने आणि चेकने द्या. त्यात एक कलम घालून घ्या: मालकी हक्कात दोष निघाला तर विसार अमुक दिवसांत परत. एजंट म्हणतील, असं कलम कुणी घालत नाही. मी स्वतः शेकडो दस्तांत ते टाइप केलंय.

सोलापूरच्या ताईंचा नंबर मालकांकडून मागून घ्या आणि वकील ठरले की पहिल्यांदा त्यांना द्या. त्यांचं बोलणं झालं की मला कळवा.

— माई